कबड्डी आणि खोखोसाठी इलेक्ट्रॉनिक गुणफलक: बडोद्यातील मंडळांसाठी रचना, जोडणी आणि वापर

हुतुतू, म्हणजे आजची कबड्डी, आणि खोखो या खेळांना लिखित नियमांची शिस्त लावण्यात बडोद्याचा वाटा मोठा आहे. हुतुतूचे नियम येथील हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी खोखोची नियमावलीही याच शहरातून बाहेर पडली. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा या भागांतील मराठी मंडळे आजही हिवाळ्यात कबड्डीचे सामने भरवतात, मात्र अनेक ठिकाणी गुण अजून खडूने फळ्यावर लिहिले जातात आणि वेळ गुणलेखकाच्या हातातील घड्याळाबाहेर कोणालाच दिसत नाही. ज्या शहराने नियम दिले, तेथील प्रेक्षकाला सामन्याचे शेवटचे मिनिट उरले आहे की तीन, हे कळू नये ही गोष्ट मला खटकते. मंडळाला स्वतःच्या हिमतीवर उभा करता येईल, अशा गुणफलकाची सविस्तर कृती या लेखात दिली आहे. कबड्डीचा विचार आधी केला आहे, कारण गुणफलकाची खरी परीक्षा तीच घेते. खोखोसाठी करावयाचे बदल पुढे दिले आहेत.

खरेदीपूर्वी खेळाचे नियम कागदावर मांडावेत

बाजारात तयार मिळणारे बहुतेक स्वस्त गुणफलक दोन बाजूंचे गुण आणि मध्ये घड्याळ एवढेच दाखवतात. व्हॉलीबॉल किंवा टेबल टेनिसला तेवढे पुरते, परंतु कबड्डीत गुण आणि मैदानावरील खेळाडूंची संख्या या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाद झाला की एक गुण मिळतो आणि आपला एक बाद खेळाडू जिवंत होऊन परततो. बोनस रेषेचा गुण मिळाला तर गुण वाढतो, पण कोणीही परतत नाही. तांत्रिक गुणाचे आणि तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीबद्दल (अव्वल पकड) मिळणाऱ्या जादा गुणाचेही तसेच आहे. समोरचा संपूर्ण संघ बाद होऊन लोण चढला की दोन जादा गुण मिळतात आणि बाद झालेल्या त्या संघाचे सातही खेळाडू पुन्हा मैदानात येतात.

म्हणून ज्या फलकावर केवळ ‘अधिक एक’ आणि ‘उणे एक’ अशी बटणे आहेत, तो कबड्डीचा फलक नव्हे. प्रत्येक संघासाठी, मैदानातील एकेका खेळाडूचा एक असे सात दिवे आणि तीन बटणे लागतात. पहिले ‘बाद’ हे बटण दाबताच त्या संघाचा एक गुण वाढावा, समोरच्या संघाचा एक दिवा विझावा आणि स्वतःचा एखादा विझलेला दिवा असेल तर तो लागावा. दुसऱ्या ‘नुसता गुण’ या बटणाने दिव्यांना हात न लावता फक्त एक गुण वाढावा. तिसऱ्या ‘लोण’ या बटणाने दोन गुण वाढून समोरच्या संघाचे सातही दिवे लागावेत. येथे क्रम महत्त्वाचा आहे. शेवटच्या दोन खेळाडूंना चढाईपटूने एकाच चढाईत स्पर्श केला, तर ‘बाद’ दोनदा आणि मग ‘लोण’ एकदा दाबावे लागते, म्हणजे एकूण चार गुणांची भर पडते. लोण आधी दाबल्यास गुण तेवढेच होतील, पण दिवे चुकतील.

हे सात-सात दिवे शोभेसाठी नाहीत. बोनस गुण मिळण्यासाठी समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात, त्यामुळे पाच दिवे लागलेले दिसले की बोनस बंद आहे हे प्रेक्षकाला, प्रशिक्षकाला आणि पंचांनाही एका नजरेत कळते. तीन दिवे उरले की अव्वल पकडीची संधी आहे, हेही तसेच कळते. कबड्डीत बाद आणि जिवंत खेळाडूंचा हिशेब दोन सहायक गुणलेखक ठेवतात. हे दिवे म्हणजे त्यांच्या नोंदीचे सर्वांना दिसणारे रूप होय.

घड्याळे दोन हवीत. मुख्य घड्याळ उलटे मोजणारे असावे. पुरुष गटासाठी २० मिनिटांचे दोन डाव, महिला गटासाठी १५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटांचे मध्यंतर असते, म्हणून ही वेळ प्रत्येक सामन्यापूर्वी बदलता आली पाहिजे. दुसरे घड्याळ ३० सेकंदांच्या चढाईचे. याखेरीज लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यावर येणारी तिसरी, ‘करो या मरो’ची चढाई दाखवणारी खूण आणि प्रत्येक डावात घेतलेल्या विश्रांतीची नोंद असावी.

एक बाब तयार फलकांत हमखास चुकीची असते. पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध संपण्याच्या क्षणी चालू असलेली चढाई पूर्ण होऊ द्यावी लागते आणि तिच्यात मिळालेले गुण धरले जातात. अनेक यंत्रे मात्र घड्याळ शून्यावर येताच भोंगा वाजवून गुणांची बटणे बंद करतात. असा फलक विकत घेऊ नये आणि स्वतः बनवताना शून्यानंतरही गुण नोंदवता येतील याची तजवीज ठेवावी. भोंगा आपोआप न वाजता वेगळ्या बटणावर असावा, हे माझे ठाम मत आहे, कारण सामना थांबवण्याचा अधिकार पंचांचा आहे.

फलकाची रचना

दुकानांच्या पाट्यांवर सरकती अक्षरे दाखवणारी लाल एलईडी पॅनेले आपण सर्वत्र पाहतो. त्यांना पी-१० म्हणतात, कारण दोन ठिपक्यांमधील अंतर १० मिलिमीटर असते. एका पॅनेलवर ३२ आडवे आणि १६ उभे ठिपके असतात आणि त्याचा आकार ३२० बाय १६० मिलिमीटर भरतो. पाट्या बनवणाऱ्या कारागिराकडे ती सहज मिळतात आणि एखादे बिघडले तर तेवढेच बदलता येते, म्हणून मंडळासाठी हाच पर्याय मला योग्य वाटतो.

चार पॅनेले आडवी आणि दोन ओळी उभ्या, अशी आठ पॅनेले घेतल्यास १२८ बाय ३२ ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे १.२८ मीटर रुंद आणि ३२ सेंटिमीटर उंच फलक तयार होतो. डावीकडचे ३२ ठिपके एका संघाला आणि उजवीकडचे ३२ दुसऱ्या संघाला द्यावेत. त्यांत वरच्या २४ ओळींत दोन आकडी गुण दाखवावेत आणि खालच्या ८ ओळींत खेळाडूंचे सात दिवे काढावेत. प्रत्येक दिवा तीन बाय तीन ठिपक्यांचा आणि मध्ये एक ठिपका मोकळा ठेवला, तर सात दिवे २७ ठिपक्यांत बसतात. मधल्या ६४ ठिपक्यांपैकी वरच्या अर्ध्या भागात मुख्य घड्याळ, तर खाली चढाईचे सेकंद, डावाचा क्रमांक आणि ‘करो या मरो’ची खूण बसवावी.

एक इंच उंचीचा अंक साधारण ३० फुटांवरून आरामात वाचता येतो, असा ढोबळ हिशेब धरावा. गुणांचा अंक २४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेनऊ इंच उंच असल्यामुळे तो २८० फुटांपर्यंत स्पष्ट दिसेल आणि घड्याळाचे सुमारे साडेपाच इंची अंक १६० फुटांवरून वाचता येतील. मोहल्ल्याच्या मैदानाला याहून मोठा फलक लागत नाही.

संघांची नावे एलईडीवर दाखवण्याचा मोह टाळावा. आपल्याकडील स्पर्धांत काही संघांची नावे मराठीत, तर काहींची गुजरातीत लिहिली जातात आणि या पॅनेलांसाठीच्या साध्या प्रोग्रामांमध्ये केवळ रोमन अक्षरे असतात. देवनागरीतील काना-मात्रा आणि जोडाक्षरे नीट उमटवायची तर प्रत्येक नावाचे वेगळे चित्र तयार करावे लागते. त्यापेक्षा फलकाच्या वर दोन खाचा ठेवून त्यांत नावांच्या छापील पट्ट्या सरकवणे सोपे आहे.

वीज, तारा आणि पेटी

ही पॅनेले ५ व्होल्टवर चालतात. सगळे ठिपके पेटले असता एका पॅनेलला ४ अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो, असे धरून हिशेब करावा. आठ पॅनेलांचे ३२ अँपिअर होतात, म्हणून ५ व्होल्ट ४० अँपिअरचा वीजपुरवठा घ्यावा. प्रत्यक्ष सामन्यात सर्व ठिपके कधीच एकदम पेटत नाहीत, तरीही ही मोकळीक आवश्यक आहे, कारण उन्हाळ्यात बडोद्याचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि तापलेल्या वीजपुरवठ्याची क्षमता घटते. एका टोकाकडून सर्व पॅनेलांना वीज ओढत नेल्यास शेवटच्या पॅनेलांपर्यंत व्होल्टेज पडते आणि तेथील अंक मंद दिसतात. दर दोन पॅनेलांसाठी वीजपुरवठ्यापासून जाड तारेची स्वतंत्र जोडी न्यावी.

मैदानावर तात्पुरती जोडणी असते, जमीन अनेकदा पाणी मारून ओली केलेली असते आणि लहान मुले सगळीकडे वावरतात. त्यामुळे ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे आरसीसीबी लावल्याशिवाय फलक सुरू करू नये. धातूची चौकट अर्थिंगला जोडावी आणि २३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. या बाबतीत काटकसर नको.

नियंत्रणासाठी ईएसपी-३२ हे छोटे सर्किट पुरेसे आहे. त्याचे संदेश ३.३ व्होल्टचे असतात आणि पॅनेलांना ५ व्होल्टचे लागतात, म्हणून मध्ये ७४एचसीटी२४५ ही चिप घालावी. ती नसली तरी फलक टेबलावर कदाचित चालेल, परंतु मैदानावर लांब केबल लागताच अंक थरथरू लागतात. पॅनेलांची साखळी कोणत्या क्रमाने जोडायची, हे निवडलेल्या प्रोग्रामप्रमाणे ठरते. काही प्रोग्रामांत दुसरी ओळ उलटी बसवावी लागते, म्हणून चौकट कायमची पक्की करण्यापूर्वी पॅनेले जमिनीवर मांडून पाहावीत.

बटणांची नियंत्रण पेटी फलकापासून दूर, गुणलेखकाच्या टेबलावर असते. तिला फलकाशी जोडण्यासाठी मोबाइलवरील ब्लूटूथ किंवा वायफाय वापरण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो देत नाही. हे दोन्ही मार्ग २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच लहरींवर चालतात, ज्यांवर मैदानातील शेकडो मोबाइल बोलत असतात. शिवाय नियंत्रण करणाऱ्याच्या मोबाइलवर ऐन चढाईत फोन आला की पडद्यावरची बटणेच झाकली जातात. संगणकाच्या नेटवर्कसाठी वापरतात ती कॅट-५ केबल आणि आरएस-४८५ पद्धतीचे दोन छोटे मॉड्यूल घेतले, तर शंभर मीटरपर्यंत काहीही अडचण येत नाही. केबल प्रेक्षकांच्या पायाखालून न नेता वरून न्यावी.

संदेश पाठवण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवावी. पेटीने ‘एक गुण वाढव’ असा संदेश पाठवला आणि तो वाटेत हरवला, तर फलक आणि पेटी यांच्यात कायमचा फरक पडतो. त्याऐवजी ‘डावीकडे १८, उजवीकडे २१, वेळ ७:४२, दिवे ५ आणि ७’ अशी संपूर्ण स्थिती पेटीने सेकंदाला दहा वेळा पाठवत राहावे. एखादा संदेश हरवला तरी पुढचा लगेच येतो आणि फलक आपोआप बरोबर होतो.

घड्याळाचा अचूकपणा

प्रेक्षकांचा आणि संघांचा विश्वास सर्वांत लवकर येथेच तुटतो. काही स्वस्त सर्किटांवर क्वार्ट्झ स्फटिकाऐवजी सिरॅमिक रेझोनेटर बसवलेला असतो आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. ऐकायला ही चूक क्षुल्लक वाटते, पण २० मिनिटांचे १२०० सेकंद होतात आणि त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ६ सेकंद. एका गुणाच्या फरकाने चाललेल्या सामन्यात सहा सेकंदांत एक चढाई सुरू होऊ शकते किंवा होऊ शकत नाही. ईएसपी-३२ वर स्फटिक असतो, त्यामुळे ही अडचण येत नाही. त्याहून खात्री हवी असेल तर डीएस-३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल जोडावे.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला एक सूचना जरूर द्यावी. ‘एक सेकंद थांब आणि एक वजा कर’ अशा रीतीने वेळ मोजू नये, कारण मधल्या इतर कामांना लागलेला वेळ प्रत्येक सेकंदात साठत जातो. घड्याळ सुरू केल्याचा क्षण लक्षात ठेवून आताच्या क्षणातून तो वजा करावा. मग फलक पूर्ण २० मिनिटे चालवून मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडून पाहावा. एक सेकंदापेक्षा अधिक फरक पडल्यास तो फलक सामन्यासाठी वापरू नये.

वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे आधीच सोडवून ठेवावा लागतो. गुण बदलला की आणि घड्याळ थांबले की संपूर्ण स्थिती वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृती-चिपमध्ये साठवावी. घड्याळ चालू असताना दर पाच सेकंदांनी साठवणे पुरेसे आहे. वीज परत आल्यावर फलकाने जुनी स्थिती दाखवावी, मात्र घड्याळ थांबलेलेच ठेवावे. ते आपोआप सुरू झाले तर मैदानावर कोणी तयार नसताना वेळ निघून जाईल. नियंत्रण पेटीला छोटा यूपीएस किंवा पॉवर बँक दिली, तर फलक विझला तरी गुण आणि वेळ पेटीच्या पडद्यावर दिसत राहतात.

नियंत्रण पेटी

बटणे मोठी, ३० मिलिमीटरच्या आसपासची आणि दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगांची असावीत. बटण दाबताना त्याचे टोक सूक्ष्म वेळात अनेकदा टेकते आणि सुटते, म्हणून एकाच दाबाचे दोन गुण नोंदवले जाऊ नयेत यासाठी प्रोग्रामात सुमारे ५० मिलिसेकंदांची प्रतीक्षा ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे बटण ‘मागे घ्या’ हे होय. ‘उणे एक’ने भागत नाही, कारण ‘बाद’ चुकून दाबले गेले तर एका गुणाबरोबर दोन दिवेही बदललेले असतात. प्रत्येक कृतीपूर्वीची स्थिती साठवून ठेवावी आणि ‘मागे घ्या’ दाबल्यावर ती जशीच्या तशी परत आणावी. शेवटच्या वीस कृती मागे घेता आल्या तर पंचांनी निर्णय फिरवल्यावर धांदल उडत नाही. घड्याळ मात्र या बटणाने मागे जाता कामा नये. वेळेची दुरुस्ती घड्याळ थांबलेले असतानाच आणि वेगळ्या बटणाने व्हावी.

उत्तरार्धात संघ बाजू बदलतात, म्हणून ‘बाजू बदला’ हे बटण हवे. ते झाकणाखाली बसवावे. नियंत्रण करणाऱ्याची बैठकही आधीच ठरवावी: त्याचे तोंड फलकाकडे असावे. तो फलकाखाली प्रेक्षकांकडे तोंड करून बसला, तर त्याचे डावे आणि फलकाचे डावे उलट होतात आणि गुण चुकीच्या संघाला जातात.

मैदानावर उभारणी

फलकाची खालची कड जमिनीपासून किमान दोन मीटर उंच असावी, म्हणजे पहिल्या रांगेत उभा राहिलेला माणूस तो झाकत नाही. संध्याकाळी उजेडातच सामने सुरू होत असतील तर फलकाचे तोंड उत्तरेकडे ठेवावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे त्या बाजूला थेट ऊन पडत नाही. फलक पश्चिमेकडे तोंड करून लावला, तर मावळतीच्या उन्हात एलईडी पेटलेले आहेत की नाहीत हेच कळत नाही. अंधार पडल्यावर प्रकाश निम्म्याहून कमी करावा, अन्यथा समोरच्या बाजूने चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांवर झगमगाट येतो.

माणसांची साखळी

यंत्र कितीही चांगले असले तरी अधिकृत नोंद गुणपत्रकावरचीच असते. फलक चालवणारा निर्णय घेत नाही. पंच खूण करतात, गुणलेखक ती पत्रकावर लिहितो आणि तोंडाने उच्चारतो, मग फलकावर बटण दाबले जाते. हा क्रम कधीही मोडू नये. चपळ तरुण थेट चढाई पाहून बटण दाबतो, गुण लवकर लागतो म्हणून प्रेक्षक खूश होतात आणि मग पंच तोच गुण नाकारतात. अशा वेळी होणारा गोंधळ पंचांच्या अधिकाराला बाधा आणतो, म्हणून फलक दोन सेकंद उशिरा बदलला तरी चालेल, असे आयोजकांनीच स्पष्ट सांगावे.

प्रत्येक लोणानंतर, विश्रांतीत आणि मध्यंतरात गुणलेखकाने पत्रक आणि फलक ताडून पाहावेत. फरक आढळल्यास खेळ थांबलेला असताना फलक दुरुस्त करावा आणि ध्वनिक्षेपकावरून तसे जाहीर करावे. गुपचूप बदललेला आकडा संशय निर्माण करतो. चढाईचे ३० सेकंदांचे घड्याळ वेगळ्या माणसाच्या हाती दिल्यास काम सुकर होते. स्पर्धेपूर्वी सरावसामन्यांत या सर्वांनी आपापल्या जागी बसून संपूर्ण डाव खेळवून पाहावेत.

खोखोसाठी बदल

तोच फलक वेगळ्या प्रोग्रामने खोखोलाही चालतो. पारंपरिक खोखोत प्रत्येक संघाच्या आक्रमणाच्या दोन पाळ्या होतात आणि वरिष्ठ गटात प्रत्येक पाळी ९ मिनिटांची असते. संरक्षक तिघांच्या तुकडीने मैदानात येतात, म्हणून सात दिव्यांऐवजी तीन दिवे पुरतात. महत्त्वाचा फरक घड्याळात आहे. कोणत्या खेळाडूने किती मिनिटे आणि सेकंद संरक्षण केले, याला खोखोत गुणांइतकेच मोल असते आणि खेळाडूची निवडही त्यावर ठरते. म्हणून ‘बाद’ दाबताच तो क्षण साठवला जावा आणि तुकडी मैदानात आल्यापासूनचा वेळ पेटीच्या पडद्यावर दिसावा, म्हणजे गुणलेखकाला तो पाहून पत्रकावर लिहिता येईल. कॅरमसारख्या खेळासाठी मात्र एवढा खटाटोप करू नये. २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा डाव पंचाच्या हातातील पत्रकावर उत्तम चालतो.

स्पर्धेनंतर

मातीच्या मैदानावरील धूळ पॅनेलांच्या जोडण्यांत शिरते. फलक उतरवल्यावर ती कोरड्या, मऊ कुंचल्याने झाडावी, ओले फडके वापरू नये. केबल कोपरात घट्ट न गुंडाळता मोठ्या वेटोळ्यात ठेवावी. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि महिन्यातून एकदा फलक तासभर चालू ठेवून प्रत्येक ठिपका पेटतो का, हे पाहावे. वायरिंगचा आराखडा आणि प्रोग्रामची प्रत पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाकिटात चिकटवून ठेवावी, कारण फलक बनवणारा तरुण नोकरीसाठी पुण्याला किंवा अहमदाबादला गेला तरी पुढच्या वर्षीची दुरुस्ती मंडळातील दुसऱ्या कोणालातरी करता आली पाहिजे.